कॉलेजचं पाणी

मुलांनो, हातातलं जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एका खानावळीत चला. खऱ्या नव्हे, मनातल्या. दारात मालक उभा आहे. जेवायला मिळेल की नाही, ते तो सांगत नाही, कारण दारात तुमच्यासारखी पुष्कळ मुलं आहेत आणि आत पानं थोडी. पण त्याआधीच तो विचारतो, "समजा, मिळालंच जेवण, तर कुठल्या टेबलावर बसणार?" तुम्ही आत डोकावता. तीसेक टेबलं मांडलेली. सगळीकडे भात तोच, आमटी तीच, वाढपीही तेच. "मग फरक काय?" तुम्ही विचारता. मालक म्हणतो, "तसा काहीच नाही. पण नीट विचार करून सांगा हं."

दिसली अडचण? आता दारात तुमच्याऐवजी केतकीला उभी करा, आणि तिच्या मागे तिच्या बाबांना. बाबांना उभं केलंत की पुढची गोष्ट आपोआप घडते.

केतकी बारावीत होती. बंगळुरातल्या बेळ्ळंदूरला, तळ्याच्या बाजूच्या एका उंच इमारतीत ती आईबाबांबरोबर राहायची. तिला इंग्लंडातल्या एका फार जुन्या विद्यापीठात अर्ज करायचा होता. त्या विद्यापीठाच्या पोटात पुष्कळ कॉलेजं आहेत. व्याख्यानं सगळ्यांना एकत्र, पदवी सगळ्यांची एक. पण राहायचं कुठे, जेवायचं कुठे आणि आठवड्याला शेजारी बसवून शिकवणारे गुरुजी कुठले, हे ज्याच्या त्याच्या कॉलेजवर. अर्जातच एक कॉलेज निवडून टाकायचं असतं. न पाहता.

शिकायचं होतं तिला जमिनीखालचं पाणी. हसू नका. केतकीच्या खिडकीतून केवढं तरी तळं दिसायचं, आणि प्यायचं पाणी मात्र शहराबाहेरच्या होसकोट्याकडून टँकरने यायचं. लहान असताना तिने विचारलं होतं, "तळं इथे आहे, मग पाणी तिकडून का आणतात?" आई म्हणाली, "बाबांना विचार." बाबा म्हणाले, "सोसायटीच्या ऑफिसात विचारायला हवं." ऑफिसातले म्हणाले, "टँकरवाल्याला विचारा." टँकरवाला म्हणाला, "सरक बाळा, पाइप सोडायचाय." ज्या प्रश्नाला घरातलं कुणी उत्तर देत नाही, त्याच्या मागे मूल किती लांब जाईल याचा नेम नसतो. केतकी इंग्लंडपर्यंत निघाली होती.

तिचे बाबा उपेंद्रराव एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात मोठे अधिकारी होते. मूळचे कऱ्हाडकडचे; नोकरीसाठी तरुणपणीच बंगळुरात आले. सुईपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं असो, तीन कोटेशनं, नमुन्याची तपासणी, सीलबंद पाकिटं, कमिटी आणि मग ज्याचा दर सगळ्यांत कमी, ज्याला त्यांच्यात एल-वन म्हणतात, त्याला ऑर्डर, या रस्त्यावरून ते कधी ढळले नव्हते. घरचा पोळपाटही तीन दुकानं पाहिल्याशिवाय आला नव्हता. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या. प्रमोदिनीबाई पाहुण्यांना हसून सांगायच्या, "मी एल-वन."

तेव्हा कॉलेज निवडायचं काम आल्यावर उपेंद्ररावांनी बाह्या सरसावल्या, यात नवल नाही. त्यांनी तीसच्या तीस कॉलेजांना ईमेल धाडले: 'आपला सर्वोत्तम प्रस्ताव सीलबंद पाकिटात सादर करावा.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका कॉलेजने आभार मानून अंगणातल्या बदकांचा फोटो पाठवला. दुसऱ्या एका कॉलेजने अतिशय नम्रपणे विचारलं, की अर्ज आपण स्वतःसाठी करणार आहात काय? तसं असल्यास कळवण्यास आनंद वाटतो की वयाची अट नाही.

हे पत्र उपेंद्ररावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घरात कुणाला दाखवलं नाही. डिप्लोमा झाला त्याच महिन्यात ते नोकरीला लागले होते. पुढे शिकायचंय का, असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारलं ते अशा माणसाने, ज्याच्याकडे त्यांनी सीलबंद पाकीट मागितलं होतं.

शेजारपाजारचे सल्ले तर विचारूच नका. समोरच्या फ्लॅटमधला जितेंद्र पुण्याहून आलेला, आयटीतला. तो लॅपटॉप उघडूनच घरात शिरायचा. "काका, सिंपल आहे. रँकिंग घ्या, रेंट घ्या, डिस्टन्स घ्या, वेटेज द्या आणि ऑप्टिमाइज करा. नाहीतर तो चॉइसचा रकाना ब्लँक सोडा ना. त्यांचा कॉम्प्युटरच तुम्हाला एक कॉलेज अलॉट करतो. नो टेन्शन."

"ब्लँक?" उपेंद्रराव खुर्चीतून उठलेच. "म्हणजे कोरी ऑर्डर सही करून द्यायची, आणि माल कुठून येणार ते पुरवठादार ठरवणार? जितेंद्र, माझ्या खात्यात अशाने माणूस सस्पेंड होतो!"

"काका, पण आपण इथे माल आहोत," जितेंद्र म्हणाला. "सिलेक्ट ते करणार आहेत."

ही गोष्ट उपेंद्ररावांना इतकी लागली, की दोन दिवस ते लिफ्टऐवजी जिन्याने गेले, जितेंद्र भेटू नये म्हणून. जिन्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी सुचवलं की ज्याचं नाव नातेवाइकांना उच्चारता येईल तेच कॉलेज घ्यावं, नाहीतर उपयोग काय. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता.

पण खरी गडबड झाली ती संध्याकाळच्या फिरण्यामुळे. हल्ली संगणकावर परगावचे रस्ते चालल्यासारखे बघता येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. केतकीने बाबांना ते एकदा दाखवलं आणि पस्तावली. उपेंद्ररावांची बस रिंग रोडवर इतका वेळ उभी राहायची, की शेजारच्या गाडीतल्या बाईंचं विणकाम किती पुढे गेलं ते त्यांना सांगता यायचं. तसे आंबून घरी यायचे, चहा घ्यायचे आणि त्या परक्या गावात फिरायला निघायचे. दगडी रस्ते. भिंतीला टेकवलेल्या सायकली. एक पूल, खाली संथ नदी. हॉर्न नाही, धूळ नाही. कॉलेजच्या दारापासून वाचनालयापर्यंत ते रोज बोटाने चालत जायचे आणि परत यायचे. आपलं बेळ्ळंदूर त्यांना कधी इतकं पाठ झालं नव्हतं.

नदीकाठच्या एका कॉलेजच्या हिरव्या दारात एक पहारेकरी उभा होता. अशा चित्रांत माणसांचे चेहरे पुसून टाकलेले असतात, तसा त्याचाही होता. उपेंद्रराव त्याच्यापाशी रोज थांबायचे.

"आज दमलेला दिसतोय," ते म्हणाले.

"अहो, रोज तेच चित्र आहे," प्रमोदिनीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आणि त्याला तोंड कुठंय दमलेलं दिसायला?"

"उभं राहण्यावरून कळतं ना. भला माणूस आहे. पोरीला उशीर झाला तर दार उघडेल."

असं करत करत तीन कॉलेजं उरली. त्यांची नावं लांबलचक, ख्रिस्ती साधुपुरुषांची होती आणि घरात प्रत्येकजण ती वेगळी उच्चारायचा. म्हणून त्यांना नदीकाठचं, स्टेशनाजवळचं आणि डोंगरावरचं असं म्हणायची रीत पडली. नदीकाठचं बाबांचं. स्टेशनाजवळचं आईचं, आईचं म्हणणं एवढंच, की स्टेशन जवळ असलं की पोर लवकर घरी येते. डोंगरावरचं केतकीचं. तिथल्या गुरुजींनी जन्मभर भूजलाचाच अभ्यास केला होता आणि कॉलेजच्या आवारात जुना झरा होता, अजून वाहता.

"ते गावाबाहेर आहे," बाबा म्हणाले.

"सायकल आहे ना."

"चढ आहे."

"येताना उतार असेल."

"केतकी, इकडे ये, बघ." बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. डोंगराचा रस्ता दोन्हीकडच्या झाडांमधून चढत गेला होता आणि एका वळणावर चित्र संपत होतं. फोटो काढणारी ती गाडी पुढे गेलीच नव्हती. बाबांनी कितीही बोट दाबलं तरी पडदा तिथेच थांबे. "बघितलंस? याच्या पुढे मला जाताच येत नाही. जिथे चित्रच संपतं, तिथे मी पोरगी कशी पाठवू?"

अर्जाची मुदत दसऱ्याच्या सुमाराला संपत होती. मुदत संपली असती तर पुढच्या वर्षीपर्यंत ते दार बंद, आणि घरात तर अजून पानं वाढायलाही कुणी घेतली नव्हती.

अशा वेळी खालच्या मजल्यावरचे कृष्णाजी अण्णा वर आले. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं; पेठेत पितळी भांड्यांचं दुकान. त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरलेली होती, जसं लोणच्यात मीठ. वेगळं काढायला जावं तर लोणचंच जायचं.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "उपेंद्रराव, स्वल्प थांबा. तुम्ही दार बघितलं, पूल बघितला. पाणी बघितलं काय?"

"पाणी?"

"अय्यो! आमच्यात मुलगी द्यायच्या आधी मोठी माणसं त्या ऊरला, त्या गावाला जाऊन पाणी पिऊन येतात. घर, सोनं सगळं नंतर. पाणी गोड तर ऊर गोड. आणि मुलगी निघाली की आईघरचं पाणी तांब्यात भरून द्यायचं. तिकडं गेली की पहिल्यांदा ते तिथल्या माठात ओतायचं. मग नवं पाणी बाधत नाही. पाण्याला पण ओळख लागते की!"

"अण्णा, मी लग्न करून नाही चालले," केतकी म्हणाली.

"तेच म्हणतो मी. लग्नाला नवरा तरी असतो बघायला. इथं नुसतं पाणीच आहे."

तुम्ही म्हणाल, इंजिनीयर लोकांत राहणारा माणूस हे हसण्यावारी नेईल. पण उपेंद्ररावांचे डोळे चमकले. "नमुना!" ते म्हणाले. "सॅम्पल! इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही? नमुना तपासल्याशिवाय ऑर्डर कशी द्यायची?"

कृष्णाजींची पुतणी रूपश्री लंडनला नोकरीला होती. काकांचा शब्द मोडायची त्या घरात पद्धत नव्हती. एका रविवारी ती आगगाडीने त्या गावी गेली, तिन्ही कॉलेजांत एकेक बाटली भरून घेतली, बाटल्यांवर नावं चिकटवली आणि पार्सल धाडून दिलं. नदीकाठच्या पहारेकऱ्याने, ती म्हणाली, काही न विचारता नळ दाखवला. हे ऐकून उपेंद्रराव दिवसभर खूश होते. "मी म्हटलं नव्हतं?"

पार्सल आलं आणि होसकोट्याच्या एका कस्टमच्या गोदामात अडकलं. स्वतः येऊन खुलासा करावा, असा निरोप आला. कृष्णाजींच्या दुकानाच्या व्हॅनमधून उपेंद्रराव, अण्णा आणि केतकी निघाले. गोदाम सापडेपर्यंत सगळ्यांची कंबर धरली. केतकी खिडकीतून बघत होती. समोरून टँकरमागून टँकर येत होते, पाणी हिंदकळत, त्यांच्याच सोसायटीच्या दिशेने. आणि ही तिघं त्याच रस्त्याने, उलट्या दिशेला, तीन बाटल्या पाणी आणायला निघाली होती.

खिडकीमागे एक शांत, कपाळाला गंध लावलेले साहेब बसले होते.

"आत काय आहे?"

"पाणी," उपेंद्रराव म्हणाले.

"कशासाठी?"

"चाखण्यासाठी."

"म्हणजे खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थाचा परवाना?"

"नाही, नाही. नमुना आहे तो."

"मग प्रयोगशाळेचं पत्र?"

मुलांनो, इथे एक विलक्षण गोष्ट घडली. उपेंद्ररावांना राग यायला हवा होता; पण त्या आवाजात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून त्यांनी जन्मभर लोकांना हेच तर विचारलं होतं. आज पहिल्यांदाच ते बाहेर उभे होते, आणि आतल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात आदर दाटून आला. इतका, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला मागायला विसरलात तुम्ही."

"हां, बरोबर," साहेब म्हणाले. "तो पण आणा."

कृष्णाजींनी कपाळावर हात मारला. "अय्यो उपेंद्रराव, तुम्ही कुणाच्या बाजूनं आलाय?" मग खिडकीत तोंड घालून ते कानडीत म्हणाले, "सार, तीर्थ आहे ते, तीर्थ."

"कुठल्या देवाचं?"

अण्णांना चटकन देव सुचेना. केतकी पुढे झाली. तिने कानडीत, सरळ, जे होतं ते सांगितलं. मला तिथे शिकायला जायचंय. बाबांनी ती जागा पाहिलेली नाही. मोठी माणसं आधी गावचं पाणी चाखतात, तेवढं झालं की ते हो म्हणतील. बहुतेक.

साहेबांनी चष्मा काढला. उपेंद्ररावांकडे जरा वेळ पाहिलं. "माझ्या अक्काला मंगळूरकडं दिली," ते म्हणाले, "तेव्हा अप्पा असेच जाऊन आले होते. समुद्राजवळचं पाणी. घरी येऊन आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत." मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचलं: "जुन्या घरगुती बाटल्या. तीन. स्वल्प ओल्या." शिक्का बसला.

फक्त एक झालं. गोदामाचं लेबल लावायचं तर आधीची लेबलं काढून टाकावी लागतात, असा नियम होता. कृष्णाजी भांडायला निघाले, तर उपेंद्ररावच त्यांना आवरू लागले. "बरोबर आहे अण्णा. असा नियम असतोच." नदी, स्टेशन आणि डोंगर एकमेकांत मिसळून व्हॅनमध्ये मागे खुळखुळत घरी आले. कुठली बाटली कुठली, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

जितेंद्रने ते ऐकलं आणि तो सोफ्यावर आडवा पडून हसला. "काका, एक मिनिट! गाव एक, म्युनिसिपल सप्लाय एक. तिन्ही बाटल्यांत सेम पाणी असणार! तुम्ही इंग्लंडहून एकच पाणी तीनदा मागवलंत?"

उपेंद्रराव गोरेमोरे झाले. पण माघार घेतील तर ते खरेदी विभागातले कसले. "उलट चांगलं झालं," ते छाती काढून म्हणाले. "लेबलं नाहीत म्हणजे बोली खऱ्या अर्थाने सीलबंद आहे. कुणाचा वशिला चालायचा नाही. रविवारी सकाळी कमिटी बसेल. मी, प्रमोदिनी आणि अण्णा. कमिटीचा निर्णय अंतिम. एकदा ठरलं की फेरनिविदा नाही."

"नक्की ना, बाबा?" केतकीने विचारलं.

"माझ्या आयुष्यात मी कधी निकाल फिरवलेला नाही."

रविवारी डायनिंग टेबलावर स्वच्छ चादर घातली होती. बाटल्यांच्या गळ्यात लाल, पिवळा आणि हिरवा दोरा. फुलपात्रं कृष्णाजींनी दुकानातून आणली होती, चवीत प्लास्टिक येऊ नये म्हणून. प्रेक्षक जितेंद्र.

लाल दोरा. कृष्णाजींनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, खळखळून चूळ भरल्यासारखा आवाज काढला आणि गिळला. "जड," ते म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी मान डोलावली. उपेंद्रराव म्हणाले, "जड."

पिवळा दोरा. "हे पण तेच की हो," कृष्णाजी म्हणाले. जितेंद्रने 'मी सांगितलं होतं' अशा अर्थाचे हात पसरले.

हिरवा दोरा. उपेंद्ररावांनी घोट घेतला आणि ते थांबले. दुसरा घेतला. मग कमिटीचे नियम विसरून त्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं ते रिकामं करूनच खाली ठेवलं. खिडकीबाहेर तळं होतं. पण ते तळ्याकडे बघत नव्हते.

"आमच्या मामाच्या मळ्यात विहीर होती," ते हळूच म्हणाले. "उन्हातून धावत यायचो. मामी पोहऱ्यातूनच ओंजळीत ओतायची. अगदी... हेच. गोड."

"गोड," कृष्णाजी म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी शेवटी घोट घेतला. "गोड."

"एकमत!" जितेंद्र ओरडला. "पण कशावर?"

केतकी स्वयंपाकघरात गेली, गॅसवर लोखंडी तवा तापवला आणि सगळ्यांना बोलावलं. तिने तव्यावर तीन जागी तिन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी सोडलं. पाणी चुरचुरून उडून गेलं. लाल आणि पिवळ्या दोऱ्याच्या जागी खडूने काढावीत तशी पांढरी वर्तुळं उमटली. हिरव्याच्या जागी जेमतेम एक पुसट कड.

"गावच्या नळाला चुनखडीतलं पाणी येतं," ती म्हणाली. "म्हणून हा पांढरा थर. तिसरं त्या पाइपमधलं नाही. ते वाळूच्या दगडातून झिरपून आलंय." ती बाबांकडे वळली. "बाबा, स्वतःचा झरा एकाच कॉलेजला आहे."

जितेंद्र सोडून सगळ्यांना ते आधीच कळलं होतं. मग जितेंद्रलाही कळलं.

उपेंद्रराव तव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांबा. मी त्याआधी चहा घेतला होता. तोंडाला चव राहते चहाची. ही तपासणी ग्राह्य धरता येणार नाही. फेरनिविदा."

केतकीने तव्यावरच्या पुसट कडेकडे बोट केलं.

"आणि खरं सांगायचं तर," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आता नीट आठवलं तर ते मचूळच होतं. जरा मचूळच."

कृष्णाजींनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. प्रमोदिनीबाईंनी गॅस बंद केला.

"लग्न ठरायच्या आधी माझे वडील इथे तुमच्या क्वार्टरवर येऊन गेले होते, आठवतंय?" त्या म्हणाल्या. "परत आले आणि आईला म्हणाले, पाणी अगदी गोड आहे हो तिथलं. मी आले. बोअरचं पाणी! डाळ शिजायची नाही, केसाला फेस यायचा नाही. पहिलं वर्ष मी मोरीत नळ सोडून रडायचे, तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. पुढे बाबांना विचारलं, असं का सांगितलंत? तर म्हणाले, मचूळच होतं गं. पण मुलगा भला वाटला, आणि तुझा जीव तिकडे लागला होता. मी खरं सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी थांबली असतीस."

प्रमोदिनीबाईंनी तवा सांडशीने उतरवला.

"त्यांनी खोटं बोलून मला जाऊ दिलं. तुम्ही खोटं बोलून हिला ठेवून घेताय. एवढाच काय तो फरक."

बाहेर टँकर आला होता. पाइप सोडल्याचा आवाज नवव्या मजल्यापर्यंत येत होता. उपेंद्रराव लॅपटॉपपाशी जाऊन बसले. सवयीने बोट फिरवलं. पूल आला, हिरवं दार आलं. पहारेकरी उभाच होता. त्याच्यापाशी ते थोडे थांबले, निरोप घेतल्यासारखे. मग डोंगराच्या रस्त्याला लागले आणि त्या वळणावर येऊन अडले.

"इथे संपतं गं," ते म्हणाले.

केतकी त्यांच्या खुर्चीच्या हाताशी टेकली. "तिथून पुढचं मी चालून सांगेन, बाबा. रोज."

उपेंद्ररावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि तरी त्यांना दिसत नव्हतं. "अण्णा," ते म्हणाले, "कमिटीचा निकाल नोंदवून ठेवा. गोड. एकमताने." आणि मग केतकीला म्हणाले, "लिही. मी निकाल कधी फिरवत नाही."

केतकीने डोंगरावरच्या कॉलेजचं नाव निवडलं. अर्ज गेला. 'आपला अर्ज पोहोचला' अशी एक ओळ पडद्यावर आली, आणि बस. ढोल नाही, ताशा नाही. त्या खानावळीत तिला पान मिळेल की नाही, हे कळायला अजून कित्येक महिने होते. परीक्षा होती, मुलाखत होती. मलाही ठाऊक नाही, मुलांनो. कुठलं टेबल, एवढं ठरलं होतं.

जितेंद्र म्हणाला, "काँग्रॅट्स, काका." उपेंद्ररावांनी नुसता हात हलवला. ते पोटावर हात धरून बसले होते.

"काय झालं हो?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही. पोटात कसंतरी होतंय."

"पाणी बाधलं काय?" कृष्णाजी काळजीने म्हणाले. "नवं पाणी. होतं असं."

केतकीने बाबांकडे पाहिलं. मग टेबलावरची हिरव्या दोऱ्याची बाटली उचलली. अर्धी उरली होती. ती घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात घरचा माठ होता, टँकरच्या पाण्याने भरलेला. तिने त्यावरचं झाकण काढलं, बाटली उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. ओगराळं घालून ते पाणी खालपर्यंत ढवळलं. मग एक फुलपात्र भरून घेतलं आणि बाहेर येऊन बाबांच्या हातात दिलं.